किराण्याची कुपने वापरताना: सवलत कोणाच्या खिशातून जाते ते आधी पाहावे

किराण्यावरच्या कुपनांचे प्रकार आता इतके झाले आहेत की ग्राहक चार निरनिराळ्या जातींची कुपने घेऊन काउंटरवर उभा राहतो आणि ती सगळी सारखीच आहेत असे समजतो. चहाच्या पाकिटातून निघालेले पाच रुपयांचे कुपन, मागच्या बिलाखाली छापून आलेली ‘पुढील खरेदीवर १०० रुपये सवलत’ ही ओळ, मोबाइलच्या ॲपमधला प्रोमो कोड आणि नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याने कामगारांना दिलेले भेट-कुपन, यांतल्या प्रत्येकाचे पैसे वेगळा माणूस भरतो, वेगळ्या वेळी भरतो आणि वेगळ्या अटीवर भरतो. कुपन प्रामाणिकपणे कसे वापरावे, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे माझ्या मते एवढ्या एका गोष्टीतून निघतात. सवलत शेवटी कोणाच्या खिशातून जाणार हे ओळखले, की आपल्या कोणत्या वागण्याने कोणाला तोशीस लागेल हे सांगायला वेगळा नियम लागत नाही.

पैसे कोण भरतो

पाकिटातून निघालेले किंवा वेष्टनावर छापलेले कुपन कंपनीचे असते. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने ते घेऊन बिलातून पाच रुपये कमी केले, की ते पाच रुपये त्या क्षणी त्याच्या गल्ल्यातून गेलेले असतात. अशी कुपने तो एका डब्यात जमवतो, वितरकाचा सेल्समन आला की मोजून त्याच्या हवाली करतो, वितरक कंपनीकडे क्लेम लावतो आणि मग पुढच्या एखाद्या बिलात क्रेडिट नोटने ती रक्कम वळती होते. यात बरेच दिवस जातात. कुपन फाटलेले, मुदत उलटलेले किंवा भलत्याच मालावर घेतलेले निघाले तर क्लेम परत येतो, आणि तो तोटा ना कंपनीचा ना ग्राहकाचा, तर मधल्या दुकानदाराचा होतो. म्हणून कंपनीचे कुपन कात्रीने नीट कापून, मुदतीच्या आत आणि ज्या मालावर ते आहे त्याच मालाबरोबर द्यावे. पाव किलोच्या पाकिटासाठीचे कुपन १०० ग्रॅमच्या पाकिटावर ‘चालवून घ्या हो’ म्हणून पुढे करू नये. दुकानदार ओळखीचा असला तर तो नाही म्हणत नाही, आणि नेमके म्हणूनच त्याला तशा पेचात टाकू नये.

मोठ्या दालनाचे, म्हणजे सुपरमार्केटचे, स्वतःचे कुपन असते तेव्हा खर्च दालनाचा असतो आणि त्या बदल्यात त्याला आपली पुढची फेरी हवी असते. हा सौदा उघड आहे. अट पूर्ण करून सवलत घेतली आणि त्या फेरीत सवलतीच्या मालाखेरीज दुसरे काहीही घेतले नाही, तरी त्यात अप्रामाणिकपणा नाही. ग्राहकाने केवळ स्वस्त तेवढेच उचलावे, हा धोका दालनाने हिशेबात धरलेलाच असतो. प्रश्न येतो तो अटीला बगल देण्याचा. ‘एका बिलास एक कुपन’ अशी अट असेल आणि आपल्याकडे दोन कुपने असतील, तर दोन बिले करून मिळतील का, हे कॅशिअरला सरळ विचारावे. तो हो म्हणाला तर त्यात लपवण्यासारखे काही उरत नाही. ‘एका कुटुंबास एक’ असे छापलेले असताना मात्र सासूबाईंना एका रांगेत आणि मुलाला दुसऱ्या रांगेत उभे करून ओळख नसल्याचा आव आणणे, हे कितीही चतुराईचे वाटले तरी खोटेच आहे.

कुपनाची झेरॉक्स काढणे किंवा एकदाच वापरायच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट चार नातेवाइकांना पाठवणे ही तर सरळ फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. दहा रुपयांच्या कुपनासाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही हे खरे. परंतु छोट्या रकमा साठल्या की काय होते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. त्या देशात कुपनांची प्रथा जुनी आहे. कोका-कोलाने १८८७ मध्ये एक पेला पेय मोफत देणारी कुपने वाटली, आणि पुढे कंपन्यांची कुपने हा तिथल्या घरखर्चाचा नित्याचा भाग झाला. त्याच अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, संगणकावर हुबेहूब बनावट कुपने तयार करून विकणाऱ्या एका महिलेला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, आणि दुकानांचे व कंपन्यांचे मिळून झालेले नुकसान तीन कोटी डॉलरच्या वर निघाले. त्यातले प्रत्येक कुपन सुटे पाहिले तर किरकोळ रकमेचेच होते.

मालकाने दिलेली भोजन-कुपने आणि भोजन-कार्डे हा निराळा प्रकार आहे. त्यांना आयकरात जी सवलत मिळते ती, ही कुपने दुसऱ्याला देता येत नाहीत आणि खाण्यापिण्यासाठीच वापरायची असतात, या अटीवर मिळते. थोडे कमिशन कापून दुकानदाराकडून त्यांचे रोख पैसे घेण्याची जी रीत काही ठिकाणी चालते, तिच्यात दुकानदाराला न विकलेल्या मालाचे बिल करावे लागते. ते त्याच्याकडून मागू नये, आणि त्याने आपणहून देऊ केले तरी घेऊ नये.

यादी आधी करावी, कुपने नंतर काढावीत

महिन्याच्या किराण्याची यादी घरी, डबे उघडून पाहून करावी आणि ती पूर्ण झाल्यावरच कुपने समोर घ्यावीत. क्रम उलटा झाला की यादी कुपनाच्या मागे धावू लागते. समजा यादी ७०० रुपयांची झाली आणि कुपन ९९९ रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये सवलतीचे आहे. ते लागू व्हावे म्हणून २९९ रुपयांचा आणखी माल घेतला, तर हातून ८९९ रुपये जातात, म्हणजे १९९ रुपये जास्तीचे खर्च झाले. तो माल पुढच्या महिन्यात लागणारच असेल, जसे अंगाचा साबण, मीठ किंवा तूरडाळ, तर सौदा वाईट नाही. चार प्रकारची बिस्किटे आणि एक कधी न वापरलेले सॉस घेऊन ९९९ चा आकडा गाठला असेल तर कुपनाने ग्राहकाला वापरले असे म्हणावे लागेल.

टक्क्यांच्या कुपनांत कमाल मर्यादा वाचावी. ‘२० टक्के सवलत, कमाल ७५ रुपये’ असे असेल तर ३७५ रुपयांच्या खरेदीपर्यंतच २० टक्के पुरे मिळतात. १,५०० रुपयांचे बिल केले तर हीच सवलत ५ टक्के ठरते. तसेच सवलत कोणत्या किमतीवर आहे ते पाहावे. छापील किंमत म्हणजे एमआरपी ही सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत असते आणि तिच्याहून कमी दराने विकायला दुकानदार मोकळा असतो. तेलाच्या ज्या पाकिटावर १७५ रुपये छापले आहेत ते गल्लीतला दुकानदार एरवीच १६० रुपयांना देत असेल, तर दालनातल्या १० रुपयांच्या कुपनानंतरचे १६५ रुपये महागच पडले. पाकिटावर किलोला, लिटरला किंवा ग्रॅमला किती पडते ती एकक विक्री किंमतही छापलेली असते. दोन आकारांची पाकिटे शेजारी धरून ती वाचली की ‘मोठे पाकीट स्वस्त’ हा समज प्रत्येक वेळी खरा नसतो हे दिसते.

अंतराचाही हिशेब करावा. सातपूरहून नाशिकरोडला जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात. चाळीस रुपयांच्या कुपनासाठी दुचाकीने तेवढे फिरले तर कुपन पेट्रोलच्या टाकीतच जिरते. दुसरे काम जोडून असेल तरच अशी फेरी करावी.

आणि साठवण. नाशिक जिल्ह्यातली अनेक घरे अजूनही उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. अशा घराला पिठाच्या पाकिटावरचे कुपन निरुपयोगी आहे, ते शेजारच्या भाड्याने राहणाऱ्या मुलांना द्यावे. मे महिन्याच्या अखेरीस रवा, मैदा आणि बेसनावर ‘दोनावर एक मोफत’ निघाले, तर पावसाळ्यात या पिठांना कीड लागते आणि दमट हवेत त्यांचे गोळे होतात, हे लक्षात घेऊनच किती घ्यायचे ते ठरवावे. मोफत मिळालेले तिसरे पाकीट ऑगस्टमध्ये कचऱ्यात गेले तर पैसे गेले नसतील, पण धान्य गेले. सवलतीच्या मालावरची ‘वापरण्याची अंतिम तारीख’ मात्र न चुकता पाहावी, कारण दालने कधी कधी तारीख जवळ आलेला मालच कुपनात काढतात. त्यात गैर काही नाही, मात्र दह्याचे पाच डबे संपवणारी माणसे घरात असली पाहिजेत.

फडताळापाशी आणि रांगेत

‘एका ग्राहकास दोन नग’ ही मर्यादा लिहिलेली असो वा नसो, सवलतीच्या मालाचे फडताळ एकट्याने रिकामे करू नये. महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी कॉलेज रोड, सिडको, इंदिरानगर या भागांतल्या दालनांत पगार नुकताच हाती आलेली कुटुंबे येतात. त्यांतल्या पुष्कळांची खरेदी महिन्यातून एकदाच होते, त्यांना उद्या पुन्हा येऊन पाहता येत नाही. ज्याला मधल्या वारी दुपारी येणे शक्य आहे त्याने तेव्हाच यावे. माल पुन्हा भरलेला असतो आणि कुपनाबद्दल चार प्रश्न विचारायला कॅशिअरलाही सवड असते. अन्नदानासाठी मोठी खरेदी करायची असेल, आणि २०२७ च्या सिंहस्थात अशा खरेदीचे प्रमाण वाढणारच आहे, तर दालनातली किरकोळ सवलतीची पाकिटे उचलण्याऐवजी घाऊक दुकानदाराकडे आगाऊ मागणी नोंदवावी. पन्नास किलोच्या कट्ट्याचा दर कुपनापेक्षा बरा पडतो आणि दुसऱ्या कोणाच्या घरची डाळही अडत नाही.

रांगेत उभे राहण्यापूर्वी कुपने हातात काढून, ज्या क्रमाने माल ठेवणार त्या क्रमाने लावून ठेवावीत. बिल सुरू होण्याआधीच ‘माझ्याकडे दोन कुपने आहेत’ असे सांगावे. बिल पूर्ण झाल्यावर पर्समधून कुपन काढले तर कॅशिअरला बिल थांबवावे लागते, कधी वरिष्ठाला किल्ली किंवा पासवर्डसाठी बोलवावे लागते, आणि मागे लेकरू कडेवर घेतलेली बाई ताटकळत राहते. कुपन मशीनने स्वीकारले नाही तर एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारावे, आणि तरीही झाले नाही तर तो जिन्नस बाजूला ठेवून बिल पूर्ण करावे. पुढची चर्चा ग्राहक सेवेच्या टेबलावर करावी. अटी ठरवणारा माणूस मुंबईत किंवा बंगळूरूत बसलेला असतो, आणि समोरची मुलगी आठ-नऊ तास उभी राहून काम करत असते. तिच्यावर आवाज चढवून सवलत मिळवणारे लोक आहेत, आणि त्यांना ती मिळतेही. परंतु दिवसअखेर गल्ल्याचा हिशेब जुळला नाही तर जबाब तिला द्यावा लागतो.

कॅशिअरच्या हातून चूक आपल्या फायद्याची झाली, म्हणजे एकच कुपन दोनदा लागले किंवा दुसऱ्याच मालावर सवलत बसली, तर तिथल्या तिथे सांगावे. घरी जाऊन बिल पाहताना लक्षात आले तर पुढच्या फेरीत बिल घेऊन जावे.

बिल करताना मोबाइल नंबर मागितला जातो. ग्राहकाचा नंबर मिळाल्याशिवाय बिलच न देण्याचा आग्रह दुकानांनी धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दिली आहे. म्हणून नंबर द्यायचा की नाही हे आपण ठरवावे. पॉइंट हवे असतील तर स्वतःचाच नंबर द्यावा. पुढच्या माणसाला पॉइंट नको आहेत असे ऐकून ‘मग माझा नंबर घाला’ म्हणणे बऱ्याच जणांना निरुपद्रवी वाटते, परंतु ती खरेदी आपण केलेली नसते, आणि तिच्या नोंदीत तक्रार, परतावा किंवा वॉरंटी आली की गुंता त्या माणसाचा होतो.

गल्लीतला दुकानदार आणि गोदाघाटावरचा बाजार

कुपनांच्या शिष्टाचारावर लिहिणारे बहुतेक जण दालनापुरते लिहितात. आपल्याकडे खरा प्रश्न दालनाबाहेर उभा राहतो, म्हणून इथे थोडे जास्त सांगणे भाग आहे.

गल्लीतल्या दुकानदाराकडे वही असते. पगार लांबला, घरात आजारपण आले, पाहुणे अचानक आले, तर त्याच वहीत नाव घालून माल येतो आणि पैसे महिन्याअखेरीस जातात. २०२० च्या टाळेबंदीत नाशिकच्या किती तरी वस्त्यांमध्ये याच दुकानांनी अर्धे शटर ठेवून लोकांच्या घरात पीठ-मीठ पोचते ठेवले. उधारी ही सुद्धा सवलतच आहे. तिचे पैसे तो स्वतः भरतो, आणि तिच्यावर कुठे मुदत छापलेली नसते. तेव्हा रोखीचा सगळा किराणा कुपनावर दालनातून आणायचा आणि उधारीपुरते गल्लीत जायचे, ही वाटणी न्यायाची नाही. कुपनाचा फायदा घ्यावा, जरूर घ्यावा. मात्र ज्याच्याकडे आपले खाते आहे त्याच्याकडे रोखीचीही काही खरेदी ठेवावी आणि थकलेली उधारी दालनाच्या फेरीआधी चुकती करावी.

दालनाची जाहिरात दाखवून ‘तिथे एवढ्याला मिळते, तुम्ही का देत नाही’ असे त्याला विचारू नये. दालन थेट कंपनीकडून ट्रकने माल घेते आणि कुपनाचा खर्च पुष्कळदा कंपनीच सोसते. वितरकाकडून दोन-दोन खोकी घेणाऱ्याला तो दर परवडण्यासारखा नसतो. घासाघीस करायची असेल तर त्याच्याच घाऊक दराच्या आधारे करावी: ‘पाच किलो साखर एकदम घेतली तर किती लावाल?’ हा प्रश्न दोघांनाही मानाचा आहे. त्याच्याकडेही कंपनीच्या योजना येतात, पाकिटाबरोबर वाटी किंवा बिलावर दोन टक्के, आणि त्या मागितल्याशिवाय काही जण सांगत नाहीत. त्या विचारून घ्याव्यात, त्या ग्राहकाच्याच असतात. सुट्या पैशांऐवजी चॉकलेट किंवा ‘पुढच्या वेळी वळते करा’ अशी चिठ्ठी मिळाली तर ती घ्यायला आपण बांधील नाही, हेही नम्रपणे सांगता येते.

हीच गोष्ट भाजीच्या बाबतीत अधिक जपून पाहावी लागते. मोबाइलच्या ॲपवर नवीन ग्राहकाला एक रुपयात कोथिंबीर किंवा एक रुपयात किलोभर कांदा, अशी कुपने येतात. त्या कांद्याचा खरा भाव लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या लिलावात ठरलेला असतो, आणि तो व एक रुपया यांतला फरक कंपनी नवे ग्राहक मिळवण्यासाठी आपल्या भांडवलातून भरते. ती सवलत आपण घेतली तर शेतकऱ्याचे काही बुडत नाही. मात्र मोबाइलचा तोच पडदा बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या बाईसमोर धरून ‘इथे एक रुपयाला आहे’ असे म्हटले, तर आपण कंपनीच्या जाहिरातखर्चाची तुलना तिच्या मजुरीशी करतो. मखमलाबादहून किंवा गिरणाऱ्याकडून पहाटे निघून आलेल्या माणसाकडे नवे ग्राहक विकत घ्यायला कोणाचे भांडवल नाही. तिथे भाव त्या बाजारातल्या शेजारच्या ढिगाशीच ताडून पाहावा.

वर्तमानपत्रातली कुपने

रोज एक कुपन कापायचे, प्रवेशिकेवर ठरलेल्या चौकोनात चिकटवायचे आणि शेवटी डबा, चादर किंवा किराण्याचे भेट-कुपन मिळवायचे, ही योजना मराठी घरांना नवी नाही. इथे पैसे वर्तमानपत्र भरते आणि त्याबदल्यात त्याला सलग काही महिने अंक विकला जायला हवा असतो. म्हणून कुपन ज्याने अंक विकत घेतला त्याचे. वाचनालयातला अंक सर्वांचा असतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, आणि गावोगावच्या लहान वाचनालयांतही सकाळी पेपरसाठी येणारे ज्येष्ठ असतात. कुपन कापले की मागच्या पानावरची बातमीही त्या चौकोनाएवढी जाते. सलूनमधला, दवाखान्यातला किंवा सोसायटीच्या कार्यालयातला अंकही तसाच. शेजाऱ्याचे कुपन हवे असेल तर त्याचा अंक वाचून झाल्यावर विचारून घ्यावे. एखादा क्रमांक चुकला असेल तर वृत्तपत्र विक्रेत्याकडे त्या तारखेचा शिल्लक अंक मिळतो का ते पाहावे आणि त्याची पुरी किंमत द्यावी. नुसते कुपन कापून अंक त्याला परत दिला तर तो अंक परतीच्या गठ्ठ्यातही जाण्यासारखा राहत नाही.

मोबाइलवरचे कोड

‘पहिल्या मागणीवर’ असे लिहिलेले कुपन पहिल्याच मागणीवर वापरावे. घरातल्या प्रत्येक सिमकार्डवर नवे खाते उघडून तेच कुपन पुन्हा पुन्हा लावणे, किंवा स्वतःच्याच दुसऱ्या नंबरला ‘मित्राला आमंत्रण’ पाठवून दोन्ही बक्षिसे घेणे, हे अटींचे उल्लंघन आहे आणि खाते बंद होण्याचे ते कारणही ठरते. याहून वाईट म्हणजे चांगला आलेला माल खराब असल्याची तक्रार करून पैसे परत घेणे. असा परतावा कंपनी सोसते असे वाटते. परंतु पिशवी भरणाऱ्याच्या आणि पोचवणाऱ्याच्या नावावरही तक्रार चढू शकते. कुपनाची किमान रक्कम गाठण्यासाठी दहा किलोचा कट्टा आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके मागवताना, ते लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर कोण चढवणार, हेही पाहावे आणि शक्य असेल तर खाली उतरून घ्यावे.

ग्राहकानेच सगळे जपावे असे नाही. ‘फक्त ३ मिनिटे शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे किंवा न मागता टोपलीत वस्तू अगर देणगी घालणे, अशा १३ प्रकारच्या फसव्या रचनांना केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. म्हणून कुपन लावल्यानंतर पैसे भरण्याआधी बिलाच्या सर्व ओळी वाचाव्यात: हाताळणी शुल्क, पोच शुल्क आणि न मागितलेली वस्तू मिळून सवलतीपेक्षा जास्त झाले तर कुपन सोडून द्यावे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सॲपवर ‘अमुक दालनाचे ५,००० रुपयांचे मोफत कुपन’ अशा लिंक फिरतात आणि त्या वीस जणांना पुढे पाठवायला सांगतात. दालनाच्या स्वतःच्या ॲपवर किंवा दुकानात ते कुपन दिसत नसेल तर ते खोटे समजावे आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. मोहात पडणारे बहुधा आपलेच वडीलधारे असतात. स्क्रॅच कार्डाचे पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन मागितला तर तिथेच थांबावे, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

माल परत करताना

१,५०० रुपयांच्या खरेदीवर १५० रुपये सवलत होती, बिल १,५४० रुपयांचे झाले आणि आपण १,३९० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी ३०० रुपयांची साबणाची पेटी परत केली, तर उरलेली खरेदी १,२४० रुपयांची राहते आणि कुपनाची अट मोडते. अशा वेळी काही दालने सवलत पूर्ण वजा करून १५० रुपये परत देतात, तर काही सवलत प्रत्येक जिनसावर वाटून साधारण २७१ रुपये देतात. दोन्ही रीती समजण्यासारख्या आहेत. पूर्ण ३०० रुपयांचा हट्ट मात्र धरू नये. अट गाठण्यासाठी मुद्दाम घेतलेली वस्तू परत करण्याचा बेत आधीपासूनच असेल तर तो बेतच चुकीचा आहे. वस्तू सदोष निघाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अट मोडली ती ग्राहकाने नव्हे, आणि सवलत कायम ठेवून बदली माल मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

दालनाने शब्द पाळला नाही तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा जुलै २०२० पासून लागू झाला. जाहीर केलेली भेट किंवा सवलत द्यायचीच नाही अशा इराद्याने योजना काढणे, योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे आणि मालाचे बिल न देणे, या गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथांत येतात. दिवाळीच्या लकी ड्रॉची अर्धुके वर्षभर डब्यात पडून राहतात, सोडत झाली की नाही हे कोणालाच कळत नाही. अशा वेळी निकाल कुठे लावला आहे, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

तक्रारीसाठी जाहिरातीचे किंवा कुपनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, बिल आणि नकार कोणत्या तारखेला मिळाला याची नोंद एवढे जवळ असावे. कुपन दालन ठेवून घेते, म्हणून ते देण्याआधीच त्याचे छायाचित्र काढावे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या कुपनासाठी तिथवर जाण्यापूर्वी दालनाच्या व्यवस्थापकाला बिलाची व जाहिरातीची प्रत जोडून लेखी पत्र द्यावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत पत्रातच लिहावी.